हद्दीवर अडकलेल्या १७ तक्रारी

रस्त्यावरचे बिघाड नोंदवणाऱ्या ॲपच्या चाचणीच्या तिसऱ्या आठवड्यात ते बांधणाऱ्या शिकाऊ मुलीने माझ्यापुढे एक यादी ठेवली. १७ तक्रारी. कुठे खड्डा, कुठे बंद पडलेला दिवा, कुठे तुंबलेलं गटार. सगळ्यांची स्थिती एकच, ‘नोंद झाली’. त्यापुढे काहीच घडलेलं नव्हतं. तक्रार कुणाकडे सोपवली नव्हती, कुणी नाकारली नव्हती, उशीर झाल्याची आठवण कुणाला गेली नव्हती. सर्व्हरच्या लॉगमध्ये एकही चूक नोंदलेली नव्हती. ज्यांनी तक्रार केली त्यांच्या पडद्यावर मात्र ‘आपली तक्रार मिळाली’ हे वाक्य अजून तसंच होतं.

हे प्रकरण सविस्तर लिहितो आहे, कारण यात वेब, नकाशा आणि कार्यप्रवाह (तक्रार कुणाकडून कुणाकडे जाते तो क्रम) हे तिन्ही भाग सुटे सुटे पाहिले तर बरोबर चालत होते. तिने प्रत्येक भागाचा मन लावून अभ्यास केला होता, प्रत्येकाच्या चाचण्या लिहिल्या होत्या, आणि त्या सगळ्या पास होत होत्या. बिघाड ज्या निर्णयातून आला त्याला माझी मान्यता होती. त्याबद्दल पुढे येईलच.

ॲप काय करत होतं

ती वर्षभर वेब शिकत होती. फॉर्म, सर्व्हर, डेटाबेस, लॉगिन यांवर तिचा हात बसला होता. नकाशा आणि कार्यप्रवाह नवे होते. सार्वजनिक सोयींमधले बिघाड नोंदवणारं ॲप तिने सरावासाठी निवडलं ते यासाठीच, की त्यात तिन्ही लागतात. माणूस नकाशावर पिन टाकतो, फोटो जोडतो, दोन ओळी लिहितो. तो बिंदू कोणत्या विभागाच्या हद्दीत पडतो हे सर्व्हर पाहतो आणि तक्रार त्या विभागाच्या अभियंत्याकडे जाते. पुढचा प्रवास ठरलेला: नेमणूक, पाहणी, काम सुरू, काम पूर्ण, पडताळणी, बंद. ४८ तासांत हालचाल झाली नाही तर अभियंत्याच्या वरिष्ठाला आठवण.

पुढच्या बाजूला पानावर नकाशा दाखवणारं लीफलेट, त्याखाली ओपनस्ट्रीटमॅपचा नकाशा, सर्व्हरवर पायथन ही भाषा आणि तिच्यातली जँगो ही चौकट, डेटाबेस पोस्टग्रेस आणि त्यावर नकाशाची गणितं करणारं पोस्टजीआयएस. शिकणाऱ्यासाठी ही जोडणी मला आवडते. सगळं मुक्त आहे, आणि आत काय चाललंय हे उघडून पाहता येतं.

नकाशाच्या पहिल्या दोन ठेचा तिला आधीच लागून गेल्या होत्या. एक अक्षांश-रेखांशांच्या क्रमाची. लीफलेटला बिंदू देताना आधी अक्षांश द्यायचा. नकाशातले बिंदू आणि आकृत्या साठवायच्या जिओजेसन या मांडणीत मात्र, २०१६ च्या आरएफसी ७९४६ या प्रमाणानुसार, आधी रेखांश. क्रम उलटला आणि दोन्ही आकडे ९० च्या आत असले तर कुणीही हरकत घेत नाही, बिंदू पृथ्वीवर भलतीकडेच जाऊन बसतो. दुसरी ठेच अंतराची. ५० मीटरच्या आत तीच तक्रार आधी आली आहे का, हे पाहणारी क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारायचा प्रश्न, तिने लिहिली आणि प्रत्येक नवी तक्रार जुनीच ठरू लागली. बिंदू अंशांत साठवलेले होते, म्हणून डेटाबेसने ५० म्हणजे ५० अंश असं धरलं. अक्षांशाचा एक अंश सुमारे १११ किलोमीटरचा. ५० अंशांत अख्खं ॲप मावलं. स्तंभाचा प्रकार ‘जिऑमेट्री’ऐवजी ‘जिऑग्राफी’ केल्यावर हिशेब मीटरमध्ये होऊ लागला.

या दोन्ही चुका पहिल्याच वापरात उघड्या पडल्या. त्यामुळे तिच्या मनात एक समजूत घर करून बसली, की नकाशाची चूक असली की ती दिसतेच. पुढचं सगळं त्या समजुतीमुळे लांबलं.

दोन दिवस टायमरमागे

शोध तिने टायमरपासून सुरू केला. आठवणी जात नाहीत, म्हणजे आठवणी पाठवणारं पार्श्वभूमीचं काम बंद पडलं असणार. पण बाकीच्या तक्रारींच्या आठवणी वेळेवर जात होत्या. मग कामांच्या रांगेतून काही हरवतंय का ते तिने पाहिलं. मग वेळेचा हिशेब तपासला, कारण सर्व्हर यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, लिहितो आणि पडदा स्थानिक वेळ दाखवतो. दोन दिवस असेच गेले. त्यांना मी वाया गेलेले म्हणणार नाही, कामांची रांग आतून कशी चालते हे तिला त्यात नीट कळलं. पण हरवलेली वस्तू त्या खोलीत नव्हतीच.

मी विचारलं, “या १७ तक्रारींत सारखं काय आहे?”

तिने तक्ता मांडला. तारीख, प्रकार, फोनवरून आली की संगणकावरून, फोटोचा आकार. काहीच जुळेना.

“आणि जागा?”

“जागा तर सगळ्या वेगळ्या आहेत. एकही अक्षांश दुसऱ्याशी जुळत नाही. तुम्हीच बघा.”

“नकाशावर टाकून बघ.”

नकाशाचं ॲप लिहिताना नकाशा हा वापरणाऱ्यासाठी काढायचा असतो, असंच आपण धरून चालतो. आपल्याच बिघाडाचा नकाशा काढावा हे सुचायला वेळ लागतो. मलाही ते दोन दिवस सुचलं नव्हतं. तक्त्यात १७ वेगवेगळ्या ओळी दिसत होत्या. नकाशावर १७ ठिपके पडले आणि ती बोलायची थांबली. ठिपके विभागांच्या सीमारेषांवर मण्यांसारखे ओवले गेले होते.

रेषा हलकी करताना काय तुटलं

आता मागे जावं लागतं. पहिल्या महिन्यात पान उघडायला फार वेळ लागत होता. विभागांच्या हद्दींची जिओजेसन फाईल अवाढव्य होती, नदीकाठाचं आणि रस्त्याचं प्रत्येक वळण तिच्यात होतं. तिने रेषांचं सुलभीकरण केलं. त्यासाठीची रूढ पद्धत डग्लस आणि पॉयकर यांच्या नावाने ओळखली जाते. त्यांचा लेख १९७३ चा, आणि तीच कल्पना रामर यांनी १९७२ मध्ये मांडली होती. पद्धत देखणी आहे. रेषेची दोन टोकं सरळ जोडायची आणि त्या सरळ रेषेपासून सर्वांत दूर असलेला मधला बिंदू शोधायचा. तो ठरवलेल्या मर्यादेपेक्षा दूर असेल तर ठेवायचा आणि दोन्ही तुकड्यांवर पुन्हा तेच करायचं. नसेल तर मधले सगळे बिंदू गाळायचे. तिने मर्यादा ०.०००५ अंश ठेवली, म्हणजे अक्षांशाच्या दिशेने सुमारे ५५ मीटर. फाईल एकदम हलकी झाली.

गोम अशी की कोणते बिंदू टिकणार हे टोकांवर ठरतं. शेजारशेजारच्या दोन विभागांची सामाईक हद्द मूळ फाईलमध्ये बिंदू न् बिंदू सारखी होती. पण प्रत्येक विभागाचं कडं, म्हणजे त्याच्याभोवतीची बंद रेषा, वेगळ्या बिंदूपासून सुरू होतं. त्यामुळे तीच हद्द इकडच्या कड्यात एका तऱ्हेने कापली गेली आणि तिकडच्या कड्यात दुसऱ्या. दोन्ही आपापल्या परीने ५५ मीटरच्या मर्यादेत. काही ठिकाणी दोघांमध्ये फट पडली, काही ठिकाणी एक विभाग दुसऱ्यावर चढला.

तिने काळजी घेतली नव्हती असं नाही. पोस्टजीआयएसमध्ये ‘सिम्प्लिफाय’ आणि ‘सिम्प्लिफाय प्रिझर्व्ह टोपॉलॉजी’ अशी दोन फलनं (फंक्शन्स) आहेत. तिने मुद्दाम दुसरं निवडलं होतं, कारण नावातच टोपॉलॉजी, म्हणजे आकृत्यांची जुळणी, जपण्याचं वचन आहे. पण ते फलन जपतं ते एकेका आकृतीचं आरोग्य. आकृती स्वतःलाच छेदत नाही ना, कोसळून पडत नाही ना, एवढंच ते बघतं. शेजारी कोण आहे हे त्याला ठाऊकच नसतं, कारण त्याच्यापुढे एका वेळी एकच आकृती येते. शिकणाऱ्याने नावावर विश्वास ठेवला तर तो दोष मी शिकणाऱ्याचा मानत नाही.

मग हे दिसलं कसं नाही? हिशेब मांडून पाहिला तेव्हा उत्तर मिळालं. वेब नकाशाच्या नेहमीच्या २५६ पिक्सेलच्या टाइलमध्ये (नकाशा ज्या चौकोनी तुकड्यांनी बनतो त्यांतला एक) झूम शून्यावर विषुववृत्ताजवळ एक पिक्सेल सुमारे १,५६,५४३ मीटरचा असतो आणि प्रत्येक झूमला तो निम्मा होतो. झूम १२ ला तो सुमारे ३८ मीटर. ती सगळे विभाग एकत्र दिसावेत म्हणून झूम १२ वर काम करायची. दोन्ही बाजूंची चूक एकमेकींविरुद्ध गेली तरी फट जास्तीत जास्त ११० मीटरची, म्हणजे तीन पिक्सेलच्या आतली. आणि लीफलेट आकृतीची कड काढतं तीच मुळात तीन पिक्सेल जाडीची. फट रेषेच्या रंगाखाली झाकली गेली होती. झूम १८ ला, जिथे पिक्सेल सुमारे ०.६ मीटरचा होतो, तीच फट जवळजवळ १८० पिक्सेल रुंद दिसली असती. पण हद्दी पाहायला झूम १८ वर कोण जातं?

इथवर नुसतं चित्र थोडं बिघडलं होतं. खरी हानी पुढच्या पावलाने झाली. तीच हलकी फाईल तिने डेटाबेसमध्येही भरली, कारण ‘एका गोष्टीची एकच प्रत ठेव’ हे तिने वेब शिकताना पक्कं केलं होतं. तत्त्व चांगलंच आहे. पण दाखवायची हद्द आणि निर्णयाची हद्द या दोन वेगळ्या गोष्टी होत्या, हे तिला त्या वेळी कळलं नाही. आणि मलाही नाही. तो कमिट, म्हणजे कोडमधला तो नोंदवलेला बदल, मी तपासला होता. ‘पान आता झटकन उघडतं, छान झालं’ असं लिहून मी तो पुढे जाऊ दिला. ही फाईल कुठे कुठे वापरली जाणार आहे, एवढा एक प्रश्न विचारला असता तर हे प्रकरण घडलं नसतं. कोड तपासताना मी ओळी वाचत होतो. तो डेटा पुढे कशासाठी वापरला जाणार हे पाहत नव्हतो.

एक गोष्ट जाता जाता. मूळ फाईल पुन्हा उघडली तेव्हा दिसलं की तिच्या लठ्ठपणाचं मोठं कारण दशांशस्थळं होती. प्रत्येक आकड्याला १५. सहाव्या दशांशस्थळी अक्षांशातला फरक सुमारे ११ सेंटिमीटरचा असतो, त्यापलीकडचे आकडे हद्दीच्या काही कामाचे नाहीत. ते कापले असते आणि फाईल दाबून पाठवली असती तरी बराच भार उतरला असता. शिवाय दशांश कापताना सामाईक बिंदू दोन्ही बाजूंना सारखाच कापला जातो, कारण तिथे प्रत्येक बिंदूचा निर्णय एकट्याने होतो. सुलभीकरणात तो आजूबाजूच्या बिंदूंवर अवलंबून असतो. दोन्ही ‘फाईल लहान करण्याचे उपाय’ म्हणून एका यादीत शिकवले जातात, पण एकाने हद्द तुटत नाही आणि दुसऱ्याने तुटते.

फट बारीक, पण नेमकी रस्त्यावर

फटींचं एकूण क्षेत्रफळ तिने काढलं. सगळ्या विभागांच्या तुलनेत ते नगण्य होतं. “मग एवढ्याशा जागेत इतक्या तक्रारी कशा?” हा तिचा प्रश्न मला या सगळ्या प्रकरणातला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण त्याच्या उत्तराने आमचा आराखडाच बदलला.

प्रशासकीय हद्दी आखताना माणसं दिसणाऱ्या खुणा धरतात. रस्ता, ओढा, रेल्वेमार्ग. हद्द बहुतेक वेळा रस्त्याच्या मधोमध जाते. आणि खड्डे कुठे पडतात? रस्त्यावर. दिवे कुठे असतात? रस्त्याकडेला. गटारं कुठून वाहतात? रस्त्याखालून. म्हणजे आमची फट ज्या चिंचोळ्या पट्ट्यात होती, तक्रारी नेमक्या त्याच पट्ट्यात दाटलेल्या असणार. क्षेत्रफळाच्या हिशेबाने चूक नगण्य, तक्रारींच्या हिशेबाने ठळक. तिच्या चाचण्यांमध्ये प्रत्येक विभागाच्या मध्यभागी एक एक बिंदू होता, आणि मध्यभागी सगळं ठीकच होतं.

त्यात फोनची अचूकता. ब्राउझर जागा देतो तेव्हा अक्षांश-रेखांशांबरोबर ‘ॲक्युरसी’ नावाचा तिसरा आकडाही देतो, मीटरमध्ये. ब्राउझरसाठीच्या प्रमाणानुसार तो ९५ टक्के विश्वासाच्या पातळीचा असतो: खरी जागा एवढ्या त्रिज्येच्या वर्तुळात असावी. ती तो आकडा घेत होती आणि टाकून देत होती, कारण फॉर्ममध्ये त्यासाठी रकाना नव्हता. उंच इमारतींमध्ये ही त्रिज्या सहज ३० मीटरच्या पुढे जाते. रस्ता १५ मीटर रुंद आणि हद्द त्याच्या मधोमध, तर विभागांची रेषा कितीही अचूक असो, बिंदू कोणत्या बाजूचा हे त्या वर्तुळावरून ठरवताच येत नाही. पिन हाताने टाकली तर वेगळीच अडचण. झूम १४ ला एक पिक्सेल सुमारे साडेनऊ मीटरचा, आणि बोटाच्या टोकाखाली कितीतरी पिक्सेल झाकले जातात.

म्हणून मूळ हद्दी परत आणल्या की काम संपलं, असं मला वाटलं नाही. “बिंदू कोणत्या विभागात पडतो” हा प्रश्नच मुळात थोडा चुकलेला होता. खरा प्रश्न “हा रस्ता कुणाकडे आहे” असा होता. ते रेषेच्या गणितातून कळत नाही. तिने चाचणीत सहभागी अभियंत्यांना विचारलं, तेव्हा कळलं की हद्दीवरच्या रस्त्यांची त्यांच्यात आधीपासून वाटणी आहे: हा रस्ता पूर्ण तुमचा, तो पूर्ण आमचा, आणि त्याचा कागद प्रत्येकाकडे आहे. ॲप बांधायला सुरुवात करण्याआधी तो कागद आमच्यापैकी कुणी मागितलाच नव्हता.

ज्याला मालक नाही त्याची आठवण कुणाला जाणार

नकाशाचा भाग समजला तरी एक कोडं उरलं होतं. फटीत पडलेली तक्रार कोणत्याही विभागात सापडली नाही, ठीक. पण मग आरडाओरडा का झाला नाही?

कोडमध्ये विभाग शोधणारं फलन होतं. काहीच सापडलं नाही तर ते रिकामं मूल्य, म्हणजे नल, परत करायचं. नेमणुकीचा भाग नल आल्यावर सौजन्याने काहीच करायचा नाही, म्हणजे ॲप कोसळू नये. तक्रार ‘नोंद झाली’ याच स्थितीत राहायची. आठवणीच्या क्वेरीत तक्रारींचा तक्ता अभियंत्यांच्या तक्त्याशी जोडलेला होता, कारण वरिष्ठ कोण हे तिथून कळायचं. साध्या जोडणीत, ज्याला इनर जॉइन म्हणतात, ज्या ओळीला जोडीदार नाही ती ओळ निकालातून गळते. ज्या तक्रारीला अभियंता नाही, ती उशीर झालेल्यांच्या यादीत कधी येऊच शकत नव्हती. अहवालाच्या पानावरही तीच जोडणी. कुणाचीच नसलेली तक्रार कुणालाच दिसत नव्हती. दोन दिवस ज्या टायमरवर संशय होता तो अगदी नियमाने चालत होता.

एक विभाग दुसऱ्यावर चढला होता तिथली गत निराळी. तिथे दोन विभाग सापडायचे आणि कोड पहिला उचलायचा. क्वेरीत क्रम सांगितला नसेल तर पहिला कोण याची पोस्टग्रेस हमी देत नाही. आमच्याकडे बहुतेक वेळा तोच तो यायचा. चुकीच्या अभियंत्याकडे तक्रार गेली की तो ‘माझ्या हद्दीत नाही’ म्हणून परत करायचा. परत केलेली तक्रार नोंदीच्या स्थितीत यायची, आपोआप नेमणूक पुन्हा चालायची आणि ती त्याच माणसाकडे पुन्हा जायची. एक तक्रार अशी सहा वेळा गेली आणि सहा वेळा आली. प्रत्येक फेरीत ‘हालचाल’ होत असल्याने ४८ तासांचा काटा पुन्हा शून्यावर यायचा. तीही उशीर झालेल्यांत धरली गेली नाही.

कार्यप्रवाहाची आकृती तिने नेमकी काढली होती. कार्ल ॲडम पेत्री यांनी १९६२ च्या प्रबंधात मांडलेली जाळी, म्हणजे प्रक्रिया आकृतीत मांडण्याची एक पद्धत, आणि त्यांतून पुढे सरकणारी टोकनं तिने हौसेने वाचली होती. पेत्री जाळ्यांच्या आधारे कार्यप्रवाह तपासणारे अभ्यासक जी कसोटी लावतात तीही तिला माहीत होती: कोणत्याही स्थितीतून शेवटापर्यंत पोचता आलं पाहिजे. आकृतीत तसं होतंच. नोंदीतून नेमणुकीकडे बाण होता. पण तो बाण ज्या फलनावर टेकलेला होता ते रिकाम्या हाताने परत येऊ शकतं, ही शक्यता आकृतीत कुठेच नव्हती. नकाशाच्या भागाने ‘सापडलं नाही’ हे उत्तर प्रामाणिकपणे दिलं, आणि कार्यप्रवाहाच्या भागाने ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. दोन्हीची चाचणी स्वतंत्र झाली होती, आणि कार्यप्रवाहाच्या चाचण्यांत विभाग आधीच भरलेला असायचा.

दुरुस्ती

पहिल्यांदा तिने मालकाचा, म्हणजे तक्रार कुणाच्या जबाबदारीची याचा, नियम बदलला, नकाशाला हात लावण्याआधी. हा क्रम तिचा होता आणि मला तो पटला. नकाशा दुरुस्त झाला असता तर ते १७ ठिपके नाहीसे झाले असते आणि मुकेपणा तसाच राहिला असता. तिने ‘छाननी’ नावाची नवी स्थिती आणली. विभाग एक आणि एकच सापडला तर नेमणूक. एकही सापडला नाही किंवा एकाहून जास्त सापडले तर छाननी, आणि छाननीला नेमून दिलेलं एक माणूस. डेटाबेसमध्येच बंधन घातलं, की ‘बंद’ सोडून कोणत्याही स्थितीत मालकाचा रकाना रिकामा राहू शकत नाही. कोडमध्ये कुणी काहीही विसरलं तरी डेटाबेस ती ओळ घेणार नाही, आणि चूक लॉगमध्ये दिसेल. आठवणीची क्वेरी अभियंत्यापासून नव्हे तर तक्रारीपासून सुरू होऊ लागली, आणि ४८ तासांचा काटा परत करण्याने शून्यावर येणं बंद झालं. दुसऱ्यांदा परत आलेली तक्रार थेट छाननीत.

मग नकाशा. डेटाबेसमध्ये मूळ हद्दी परत आल्या. दाखवण्याची हलकी फाईल त्यांच्यापासून वेगळी तयार होऊ लागली, आणि तीही सगळे विभाग एकत्र घेऊन. पोस्टजीआयएस ३.४ पासून त्यासाठी ‘कव्हरेज सिम्प्लिफाय’ हे फलन आहे. ते सामाईक हद्द एकदाच कापतं, म्हणून दोन्ही बाजू जुळलेल्याच राहतात. टोपोजेसन या मांडणीतही तोच विचार आहे: सामाईक कंस एकदाच साठवायचा आणि दोन्ही विभागांनी त्याच्याकडे बोट दाखवायचं.

हद्दीच्या बरोब्बर वर पडलेल्या बिंदूचं काय, हेही ठरवावं लागलं. ‘कंटेन्स’ हे फलन कडेवरचा बिंदू आतला मानत नाही, म्हणजे सामाईक रेषेवरचा बिंदू कुणाचाच होत नाही. ‘कव्हर्स’ मानतं, म्हणजे तो दोघांचा होतो. तिने ‘कव्हर्स’ घेतलं, कारण दोघांचा झालेला बिंदू निदान छाननीत कारणासकट दिसतो. पुढे अचूकतेची त्रिज्याही साठवायला सुरुवात झाली. त्या वर्तुळाला दुसरा विभाग शिवत असेल तर आधी हद्दीवरच्या रस्त्यांचा तक्ता पाहायचा, आणि त्यातही उत्तर नसेल तर छाननी. हा तक्ता नसता तर छाननीच्या माणसापुढे ढीग लागला असता. हाताने पिन टाकण्याआधी झूम १७ पर्यंत जाणं सक्तीचं केलं. तिथे एक पिक्सेल सुमारे १.२ मीटरचा.

नव्या चाचणीने सगळ्या विभागांच्या एकत्रित क्षेत्रात १०,००० बिंदू यादृच्छिक टाकले, आणि त्यांतले निम्मे मुद्दाम हद्दीच्या आसपास. अट एकच: प्रत्येक बिंदूला मालक हवा. ती चालवली तेव्हा मूळ फाईलमध्येही दोन फटी निघाल्या, नकाशा रेखाटणाऱ्याच्या हातून राहून गेलेल्या. त्या आमच्या नव्हत्या, पण त्यांनीही कधी ना कधी एखादी तक्रार गिळली असती.

जुन्या तक्रारींचं काय करायचं यावर आमचा थोडा वाद झाला. तिचं म्हणणं, सगळ्या तक्रारींचा विभाग नव्याने काढू. मी म्हटलं, बंद झालेल्यांना हात नको. त्या वेळी ज्याने काम केलं त्याचं नाव इतिहासात तसंच राहिलं पाहिजे. अखेर उघड्या तक्रारींचाच विभाग नव्याने काढला, तोही आधी नुसती यादी छापून. ज्या ठिकाणी माणसाने हाताने विभाग बदललेला होता तिथे माणसाचा निर्णय राखला. याच चर्चेतून विभागांच्या तक्त्यात ‘केव्हापासून’ आणि ‘केव्हापर्यंत’ हे दोन रकाने आले, कारण हद्दी उद्या बदलल्या तर कालची तक्रार कालच्या हद्दीनेच वाचावी लागणार. त्या १७ जणांना काय झालं होतं ते सांगणारा संदेश तिने स्वतः लिहिला. ‘तांत्रिक कारणामुळे’ हे शब्द तिने त्यात येऊ दिले नाहीत.

छाननीच्या पानावर लगेच नवा प्रश्न उभा राहिला, दोन माणसांनी एकच तक्रार उघडून दोन वेगळ्या विभागांना देण्याचा. त्यावर तिने प्रत्येक ओळीला आवृत्ती क्रमांक दिला. मधल्या काळात तो बदलला असेल तर सर्व्हर ४०९ हा विसंगतीचा संकेत परत करतो आणि पान सांगतं की ही तक्रार आत्ताच कुणीतरी हलवली. हे तिने मला न विचारता केलं.

पुलावर की पुलाखाली

आता छाननीत रोज थोड्याच तक्रारी येतात आणि त्यांतल्या बहुतेक एकाच ठिकाणच्या आहेत. एका विभागाचा उड्डाणपूल दुसऱ्या विभागाच्या रस्त्यावरून जातो. पुलावरचा खड्डा आणि पुलाखालचा खड्डा यांचे अक्षांश-रेखांश तेच. हद्द अचूक आहे, फोनची त्रिज्या पाच मीटर आहे, रस्त्यांच्या तक्त्यात दोन्ही रस्ते आहेत, आणि तरीही बिंदूवरून उत्तर निघत नाही. फोन उंची देतो, पण ती एका पुलाएवढा फरक ओळखण्याइतकी भरवशाची नसते. तिने दोन दिवस त्यावर विचार केला. मग पुलाच्या पट्ट्यात पिन पडली की फॉर्ममध्ये एक जास्तीचा प्रश्न येईल अशी सोय केली: ‘पुलावर की पुलाखाली?’ खाली दोन बटणं आहेत, आणि ‘सांगता येत नाही’ असं तिसरं. तिसरं दाबलं की तक्रार छाननीत जाते, मालकासकट.